इंग्रजीतील नित्य वापरातील अनेकार्थी शब्द आणि त्यांचे ग्रीक भाषांतर

प्रस्तावना :
भाषांतरात पारिभाषिक शब्द अधिक अडचणीचे ठरतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पारिभाषिक शब्दाला बहुधा निश्चित प्रतिशब्द उपलब्ध असतो. भाषांतरकाराची खरी कसोटी लागते ती 'टाइम', 'केस', 'राइट' यांसारख्या रोजच्या शब्दांपाशी. प्रस्तुत लेखात आधुनिक ग्रीक भाषेच्या संदर्भात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

एक शब्द, अनेक प्रतिशब्द :
इंग्रजी 'टाइम' या एका शब्दासाठी ग्रीक भाषेत किमान चार शब्दांतून निवड करावी लागते. व्यापक अर्थाने काळ म्हणजे 'ख्रोनोस'. घड्याळातील वेळ म्हणजे 'ओरा'. 'तीन वेळा' यातील आवृत्तीचा अर्थ 'फोरा' या शब्दाने व्यक्त होतो. तर 'बऱ्याच दिवसांत भेट नाही' अशा ठिकाणी 'केरोस' येतो. मराठी वाचकास हा भेद अपरिचित नाही. 'माझा वेळ गेला' आणि 'ठरलेली वेळ टळली' या वाक्यांत मराठी केवळ लिंगभेदाने कालावधी व क्षण वेगळे करते. ग्रीक भाषा तेथे शब्दच बदलते.

'चेंज' या शब्दाचेही असेच आहे. बदल म्हणजे 'अलायी', दुकानदाराने परत केलेले पैसे म्हणजे 'रेस्ता' आणि सुट्टी नाणी म्हणजे 'प्सिला'. 'केस' हा शब्द तर न्यायालयात 'इपोथेसी', साथीच्या रोगाच्या संदर्भात 'क्रूझमा', व्याकरणात 'प्तोसी', चष्म्याच्या बाबतीत 'थीकी' आणि सामान्य उदाहरण या अर्थी 'पेरिप्तोसी' होतो.

उलट दिशेची अनेकार्थता :
यावरून ग्रीक शब्द एकार्थीच असतात, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. 'इपोथेसी' या शब्दाचे खटला, गृहीतक आणि चित्रपटाचे कथानक असे तीन अर्थ होतात. 'कोमा' म्हणजे राजकीय पक्ष आणि स्वल्पविरामही. तात्पर्य, प्रत्येक भाषा अर्थांची विभागणी आपापल्या पद्धतीने करते आणि दोन भाषांच्या या सीमारेषा क्वचितच एकमेकींवर जुळतात.

चुकीच्या निवडीचे परिणाम :
शस्त्रक्रियागृहात 'इज धिस द राइट नी?' असा प्रश्न विचारला गेल्यास त्यातून 'हा उजवा गुडघा आहे ना?' आणि 'हाच योग्य गुडघा आहे ना?' असे दोन अर्थ निघतात. ग्रीक भाषेत पहिल्यासाठी 'देक्सी' व दुसऱ्यासाठी 'सोस्तो' हे विशेषण लागते. मूळ वाक्यातील संदिग्धता तशीच ठेवता येत नाही. शस्त्रक्रिया डाव्या गुडघ्याची असेल, तर 'देक्सी' हा शब्द प्रश्नाचा रोखच उलटा करतो. हाच 'राइट' कायद्यात 'हक्क' या अर्थी आला की 'दिकेओमा' होतो.

कायद्याच्या क्षेत्रातही ही जबाबदारी मोठी आहे. सायप्रस १९६० साली स्वतंत्र झाल्यावर ग्रीक व तुर्की या तेथील राजभाषा झाल्या. मात्र ब्रिटिश राजवटीतील इंग्रजी कायदे पुढेही लागू राहिले आणि ते ग्रीक भाषेत आणावे लागले. अशा मजकुरातील 'पार्टी' हा शब्द खटल्यातील पक्षकार ('दियादिकोस'), करार करणारा ('सिम्वालोमेनोस') की राजकीय पक्ष ('कोमा') हे ठरविल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. ग्रीस १९८१ साली युरोपीय समुदायात सामील झाला. आजच्या युरोपीय संघाच्या कायद्यांचा ग्रीक पाठ इंग्रजी पाठाइतकाच अधिकृत मानला जातो. त्यामुळे चुकीचा प्रतिशब्द केवळ शैलीचा दोष राहत नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, भाषांतराचे एकक सुटा शब्द नसून संदर्भातील अर्थ हे आहे. म्हणून शब्दकोशातील पहिला प्रतिशब्द उचलण्यापूर्वी वाक्यातील शेजारचे शब्द, बोलणारा आणि प्रसंग पाहून अर्थ निश्चित करावा. त्यानंतर निवडलेला ग्रीक शब्द पुन्हा इंग्रजीत आणून तो मूळ अर्थाकडेच परततो का, हे तपासावे. संदर्भ अपुरा असेल तेथे अंदाज न करता मूळ लेखकाकडे विचारणा करणे, हेच भाषांतरकाराचे कर्तव्य ठरते.