पेटती बनेटी

हिंदमाता हें नांव मुंबईकराच्या कानांवर पडतें तें बहुधा पाण्याच्या संबंधानें. आषाढ-श्रावणांत एक जोराची सर आली कीं हा चौक तुंबतो. परंतु भाद्रपदांत याच बाजूनें गणपतीच्या मिरवणुका निघतात, आणि त्यांत एखाद्या आखाड्याचें पथक असलें तर लोकांच्या कोंडाळ्यांत एक तरुण पुढें येतो. त्याच्या हातांतील काठीचीं दोन्ही टोकें पेटविलीं जातात, आणि पाहतां पाहतां काठी नाहींशी होऊन अंधारांत आगीचें चक्र तेवढें उरतें. गॅलरींतून पाहणाऱ्या मुलांना ही जादू वाटते. त्यांच्या आयांच्या छातींत धडकी भरते. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत.

या काठीस बनेटी म्हणतात. मर्दानी खेळांत लाठी, दांडपट्टा, बोथाटी यांच्या पंक्तीस ती बसते, आणि त्या खेळांचें माहेर म्हणून कोल्हापूरचें नांव आजही प्रथम घेतलें जातें. विस्तवाशीं खेळणें महाराष्ट्राला नवें नाहीं. देवीचे भुत्ये पेटता पोत घेऊन नाचतात तो याच जातीचा प्रकार. तेथें मात्र भक्ति मुख्य, येथें कसब मुख्य.

चक्र दिसतें तें डोळ्यांच्या एका खोडीमुळें. पाहिलेल्या वस्तूची प्रतिमा सेकंदाच्या सुमारें दहाव्या भागापर्यंत दृष्टीवर रेंगाळते. तेवढ्यांत ज्योत पुढच्या जागीं पोंचते आणि सुट्या ठिपक्यांची रेघ होते. बनेटीला दोन ज्योती असल्यानें प्रत्येकीस अर्धेंच वर्तुळ पुरें करावें लागतें. ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या नजरेंतून सुटलेली नव्हती. गौडपादाचार्यांनीं आपल्या कारिकांच्या चौथ्या प्रकरणास ‘अलातशान्ति’ असेंच नांव दिलें आहे. अलात म्हणजे कोलीत. तें फिरविलें तर वर्तुळ दिसतें, थांबविलें तर वर्तुळ कोठें गेलें, असा त्यांचा दृष्टांत. चौकांत बनेटी पाहणाऱ्यास वेदांताचा हा धडा फुकट मिळतो.

आतां शिक्षणाकडे वळूं. हा खेळ शिकावयाचा म्हणजे आगीची भीति घालवावयाची, असा बाहेरच्यांचा समज असतो. जाणता वस्ताद नेमकें उलट करतो. तो शिष्याच्या हातीं कित्येक महिने आग देतच नाहीं. प्रथम नुसती काठी आणि पाऊल. काठी मनगटांतून फिरली पाहिजे, खांद्यांतून नव्हे. एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना तिची गति मोडतां कामा नये. आणि ती पाठीमागून येत असतां मान वळवून पाहणें वर्ज्य. कोऱ्या काठीची चूक गुडघ्यावर टोला देऊन भागते. पेटत्या काठीची तीच चूक कातडी घेऊन जाते. म्हणून चूक होणें संपेपर्यंत थांबावयाचें. त्यानंतर गोळे बांधून, परंतु न पेटवितां, सराव. भिजलेल्या गोळ्यांनीं टोकें जड होतात आणि काठीचा सगळा तोल बदलतो. यासाठीं गोळे पाण्यांत भिजवून हात बसविणें हिताचें.

गोळे सुती चिंध्यांचेच हवेत. नायलॉन-पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटतें, आणि हाच नियम खेळणाऱ्याच्या कपड्यांनाही लागू आहे. ते तारेनें आवळावे, कारण सुतळी जळाली तर पेटता गोळा थेट प्रेक्षकांत जाईल. तेल निथळल्यावर काठी मोकळ्या जागीं तशीच फिरवून जास्तीचे थेंब झटकून टाकावे लागतात. नाहींतर फिरण्याच्या जोरानें तेच थेंब पेटते होऊन लोकांवर उडतात. पेट्रोल तर वापरूंच नये. त्याची वाफ नेहमींच्या हवेंतही पेट घेते, म्हणजे काडी ओढण्यापूर्वींच धोका भोंवतीं पसरलेला असतो.

तोंडांत रॉकेल घेऊन ज्वाळेवर फुंकणें हाही प्रकार मिरवणुकींत दिसतो. त्याला कसब म्हणणें कठीण. त्यांतला एखादा घोट श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरला तर तीव्र सूज येते व प्रसंगीं जीव जातो. टाळ्या मात्र त्यालाच अधिक पडतात.

अलीकडे शहरांतील मुलीही या कलेकडे वळल्या आहेत, त्या कंबरेभोंवतीं फिरणारें पेटतें कडें घेऊन. कड्याच्या बाहेरच्या अंगाला दांड्यांवर वाती असतात, आणि वातीसाठीं केवलार नांवाचा, 1965 सालीं शोध लागलेला, सहजीं न जळणारा धागा वापरतात. साधन परदेशी असलें तरी क्रम तोच: आधीं कोरें कडें, मग पेटतें. समुद्रापलीकडच्या अग्निनृत्याशीं आपला संबंध याहूनही जुना आहे. सामोआ बेटाचा नर्तक लेटुली यानें 1946 सालीं सॅनफ्रान्सिस्को येथें आपल्या पारंपरिक सुऱ्याला टॉवेल गुंडाळून तो पेटविला आणि तेथून तें नृत्य जगभर गेलें. त्यासाठीं त्याला तेल उसनें दिलें तें एका हिंदू अग्निभक्षकानें, अशी हकीकत सांगतात.

गिरणगांवांत तालमीची संवय आणली ती कोंकण-देशावरून आलेल्या कामगारांनीं. पाळी सुटल्यावर संध्याकाळ रिकामी असे, आणि वस्ताद चाळीच्याच पुढच्या खोलींत राहत असे. 18 जानेवारी 1982 रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले, आणि पुढें गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या. कुटुंबें पांगलीं, त्यांबरोबर शिकविणारेही पांगले. ढोल विकत मिळतो, काठीही मिळते. परंतु सहा महिने कोरी काठी फिरवावयास लावणारा माणूस बाजारांत मिळत नाहीं. उत्सवापूर्वीं पंधरा दिवस सराव करून पेटती काठी हातीं घेणाऱ्या मुलाला थांबविणार कोण, हा प्रश्न हौसेचा नसून जिवाचा आहे.

असें पथक ज्या मंडळाला बोलवावयाचें असेल, त्याच्या चालकांनीं खेळापूर्वीं एक गोष्ट पाहून घ्यावी. कोंडाळ्याच्या आंत, हातांत ओलें गोणपाट घेऊन, केवळ काठीकडेच पाहणारा दुसरा माणूस उभा आहे काय? खेळ संपतांच तो गोळ्यांवर गोणपाट दाबून धरतो. फुंकर घालीत नाहीं. आणि प्रेक्षकांनीं कितीही आग्रह केला तरी गोळे पुरते थंड झाल्यावांचून त्यांवर पुन्हां तेल ओतूं देत नाहीं.