मोटारीच्या इंजिनाचे अतितापन

इंजिनाचे अतितापन म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनातील शीतक द्रवाचे तापमान नेहमीच्या मर्यादेच्या (बहुतेक मोटारींत सुमारे ८५° ते १०५° सेल्सियस) वर जाणे. बोलीभाषेत यास ‘गाडी गरम होणे’ किंवा ‘पाणी फेकणे’ असे म्हणतात. अतितापन हा स्वतंत्र बिघाड नसून अन्य बिघाडाचे लक्षण होय. त्यामुळे केवळ पाणी भरून प्रवास चालू ठेवल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकते, हेड गास्केट फुटते आणि शेवटी पिस्टन अडकून इंजिन निकामी होते.

स्थानिक परिस्थिती

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. एप्रिल-मे महिन्यांत येथील कमाल तापमान ४०° सेल्सियसच्या आसपास असते. बारामती समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८° सेल्सियसला उकळते. मोटारीतील शीतक त्याहून अधिक तापूनही उकळत नाही, याचे कारण रेडिएटरचे झाकण. झाकणातील स्प्रिंग साधारण १ बार जादा दाब राखते आणि त्यामुळे उत्कलनबिंदू सुमारे १२०° पर्यंत चढतो. निम्मे इथिलीन ग्लायकॉल असलेल्या मिश्रणाचा तर याहून अधिक. झाकणाची स्प्रिंग सैल पडली किंवा रबरी वायसर चिरला, की इंजिन निर्दोष असूनही पाणी उकळून बाहेर येते. सर्वांत स्वस्त असलेला हा भाग तपासात मात्र बहुधा सर्वांत शेवटी पाहिला जातो.

दुसरा प्रश्न पाण्याचा आहे. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. त्याच्या लाभक्षेत्रात ऊस वाढला, तशा क्षारपड जमिनीही वाढल्या. अशा भागातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. ते रेडिएटरमध्ये वारंवार भरल्यास नळ्यांच्या आत व सिलिंडरभोवतीच्या जलमार्गात क्षारांचे कवच चढते. हे कवच उष्णता नीट वाहू देत नाही आणि अरुंद नळ्या बुजवते. म्हणून शीतक नेहमी ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळावे. हिरवा रंग दिसला म्हणजे कूलंट चांगले, ही समजूत चुकीची आहे. रंग टिकतो, पण गंजरोधक द्रव्ये कालांतराने संपतात.

तिसरे कारण हंगामी आहे. ऊसतोडणीच्या काळात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी येथील साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागे हळूहळू जावे लागते. पाचटाचे कण व धूळ जाळीतून आत शिरते. वातानुकूलन यंत्राचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो व कचरा या दोहोंमधील फटीत साचतो. समोरून पाहता जाळी स्वच्छ दिसते आणि निदान चुकते. फटीत विजेरी मारून पाहावे. सफाई करताना हवा किंवा कमी दाबाचे पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेस मारावे. जोराच्या फवाऱ्याने पत्र्याच्या नाजूक पट्ट्या वाकतात.

निदान

गाडी केव्हा तापते, हा निदानातील पहिला प्रश्न होय. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जात असताना वाहने पायी चालण्याच्या वेगाने सरकतात. अशा वेळी काटा चढत असेल आणि पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ओलांडताच तो खाली येत असेल, तर दोष बहुधा पंख्यात असतो. वेगात असताना वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो, त्यामुळे बंद पंखा लक्षात येत नाही. विद्युत पंख्याचा फ्यूज, रिले, मोटर व तापमान संवेदक क्रमाने तपासावेत. वातानुकूलन सुरू करताच पंखा फिरला, तर मोटर ठीक असून दोष संवेदकाकडे असण्याचा संभव अधिक.

याउलट वेगात, चढावर किंवा भार असतानाच गाडी तापत असेल, तर पाण्याचे अभिसरण अपुरे असते. बुजलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप किंवा आत खेचली जाऊन दबणारी खालची रबरी नळी ही त्याची कारणे होत.

थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत काटा चढला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याचा संशय घ्यावा. वरची नळी तापलेली व खालची थंड असणे ही त्याची खूण आहे. मात्र बुजलेल्या रेडिएटरमध्येही असेच आढळते. थर्मोस्टॅट काढून पाण्यात टांगावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास (अनेकदा ८२° किंवा ८८°) तो उघडू लागला पाहिजे. उन्हाळी भागात थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची पद्धत काही गॅरेजांत आढळते. ती सदोष आहे. इंजिन थंड राहून इंधन जास्त जळते आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहिल्याने तापणे उलट वाढते.

पाणी सतत कमी होते पण जमिनीवर गळती दिसत नाही, ही सर्वांत गंभीर स्थिती होय. टाकीत अखंड बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, तेलाच्या झाकणाखाली दुधट साय, किंवा इंजिन सुरू होताच दगडासारखी कडक होणारी वरची नळी या खुणा हेड गास्केट फुटल्याचे सुचवतात. यंत्रणेतील ज्वलनवायू तपासणारे निळे रसायन पिवळे झाल्यास खात्री पटते. गास्केट बदलताना हेडचा सपाटपणा मोजणे आवश्यक असते, अन्यथा नवे गास्केटही टिकत नाही.

काटा चढून अचानक खाली आला, तर इंजिन थंड झाले असे मानू नये. पाणी पूर्ण निघून गेल्यास संवेदक कोरडा पडतो आणि काटा खोटे तापमान दाखवतो. अनेक इंजिने या गैरसमजातूनच जळतात.

रस्त्यावरील तातडीची कृती

काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने चालू करावा. हीटरचा गाभा हा एक छोटा रेडिएटरच असतो. वाफ दिसल्यास गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. झाकण किमान अर्धा तास उघडू नये. दाब सुटताच पाण्याची क्षणात वाफ होऊन चेहरा व हात भाजतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूस तडा जाऊ शकतो.

हवेने थंड होणारी इंजिने

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत २०१२ पासून तयार होणाऱ्या वेस्पा स्कूटरसारख्या वाहनांत रेडिएटर नसतो. तेथे सिलिंडरच्या पंखांवरील चिखल, पंख्याचे तुटलेले आवरण व तेलाची पातळी पाहावी.