ब्रश थोडे, पण नावानिशी

वर्षश्राद्धाच्या आठवडाभर आधी एक काका जुना फोटो घेऊन आले. त्यांच्या आईचा, कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा. दुमडून ठेवल्यामुळे पडलेली घडी नेमकी गालावरून केसांपर्यंत गेली होती, कपाळावर बुरशीचे ठिपके होते आणि नऊवारीच्या काठावर शाईचा डाग. "मोठा करून भिंतीवर लावायचाय. फक्त चेहरा आईचाच राहू दे," एवढंच ते म्हणाले. फोटो दुरुस्त करताना मला हे वाक्य सतत आठवतं. ते पाळायचं असेल तर कुठे कुठलं टूल घ्यायचं आणि त्याचा ब्रश कसा ठेवायचा, हे पक्कं असावं लागतं.

फोटोशॉपमध्ये अशा कामाला मुख्यतः दोन टूल लागतात. क्लोन स्टॅम्प शेजारचा तुकडा उचलून जसाच्या तसा डागावर बसवतो. २००२ साली फोटोशॉप ७ मध्ये आलेला हीलिंग ब्रश उचललेल्या तुकड्याचा पोत घेतो, पण रंग आणि उजेड जिथे लावाल तिथला धरतो. म्हणून गालावरच्या घडीला हीलिंग ब्रश चांगला. पण तीच घडी केसांच्या रेषेशी पोचली की तो केसांचा काळेपणा त्वचेत ओढतो आणि तिथे काजळ फासल्यासारखा डाग उमटतो. त्या बोटभर जागेत क्लोन स्टॅम्पच हवा. भेग एक, टूल दोन.

मग येतो ब्रश. पडद्यावरचा फटकारा अखंड वाटतो, पण तो असतो एकामागोमाग उठवलेल्या ठशांची माळ. दोन ठशांमधलं अंतर म्हणजे स्पेसिंग. फोटोशॉपच्या साध्या गोल ब्रशला ते मुळात व्यासाच्या २५ टक्के असतं. ते शंभराच्या पुढे न्या, माळेतले मणी सुटे दिसतील. ओपॅसिटी एका फटकाऱ्यात रंग जास्तीत जास्त किती दाट होईल ते ठरवते. फ्लो प्रत्येक ठशातून किती रंग सुटेल ते ठरवतो, म्हणून त्याच जागेवरून ब्रश फिरवत राहिलं की रंग साचत जातो. हार्डनेस म्हणजे कडेचा कडकपणा. जुन्या फोटोत बारीक दाणा असतो. त्यावर क्लोन स्टॅम्प अगदी मऊ कडेने वापरला तर कडेपाशी दाणा पुसट होतो आणि दुरुस्ती लांबूनही ओळखू येते.

या सगळ्या आकड्यांचा मेळ एकदा जमला की तो साठवायचा. तोच प्रीसेट. नवा ब्रश प्रीसेट साठवताना फोटोशॉप विचारतं: आकारही धरू का? टूलची सेटिंग्ज धरू का? रंग धरू का? घाईत 'ओके' दाबू नका. टूलची सेटिंग्ज धरली तर पुढच्या वेळी ब्रश ओपॅसिटीसकट तसाच हातात येतो. आकार मात्र मी सहसा धरत नाही, कारण प्रत्येक स्कॅन वेगळ्या मापाचा असतो आणि चौकटी कंसांच्या दोन बटणांनी आकार क्षणात लहानमोठा होतो.

गोंधळ सुरू होतो तो साठा वाढल्यावर. २०१७ साली अडोबीने चित्रकार काइल वेबस्टर यांचे हजाराहून जास्त ब्रश आपल्या ग्राहकांना खुले केले. क्रिटा या मोफत मिळणाऱ्या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये सुरुवातीलाच शंभराहून जास्त ब्रश आहेत. हे धन खरंच मोठं आहे. पण रोजच्या कामाला दहा-बारा ब्रश पुरतात, आणि हजारांच्या ढिगात नेमके तेच सापडत नाहीत. क्रिटाने यावर चांगला मार्ग काढलाय. ब्रशांना टॅग लावायचे आणि कॅनव्हासवर उजवं बटण दाबायचं. निवडलेल्या टॅगचे ब्रश कर्सरभोवती गोलाकार उमलतात. फोटोशॉपमध्ये हेच काम फोल्डर करून साधतं.

नावं मराठीत द्या, आणि ती कामावरून द्या. 'सॉफ्ट राउंड ३ कॉपी' या नावातून सहा महिन्यांनी काहीही कळत नाही. माझ्या फोल्डरमध्ये 'घडी-गाल', 'बुरशी-ठिपके', 'केस-बारीक', 'काठ-कापड' अशी नावं आहेत. नाव वाचताच हात कामाला लागतो.

टूल बदलायला दर वेळी पट्टीकडे जाऊ नका. फोटोशॉपमध्ये ब्रश हातात असताना ई दाबून धरा, खोडून घ्या, बटण सोडा. ब्रश परत हातात येतो. क्रिटात ई दाबलं की चालू ब्रशच खोडरबर होतो, म्हणजे पोत तोच राहतो. आणि फोटोशॉपमध्ये ब्रशाचं वर्तुळ जाऊन नुसती फुली दिसायला लागली, तर प्रोग्राम पुन्हा टाकण्याआधी कॅप्स लॉक बघा. बहुतेक वेळा तेच दाबलेलं असतं.

एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. संगणक दुरुस्तीला दिला, तो फॉरमॅट होऊन परत आला. फोटो दुसऱ्या डिस्कवर सुखरूप होते. ब्रश मात्र प्रोग्रामसोबत गेले, आणि वर्षानुवर्षं जुळवलेले आकडे पुन्हा बसवायला कित्येक रात्री लागल्या.

त्या आईंचा फोटो आता काकांच्या भिंतीवर आहे. गालावरची घडी गेली, हसताना पडणारी सुरकुती राहिली. ज्या दोन ब्रशांनी हे साधलं, ते माझ्याकडे दोन ठिकाणी जपलेले आहेत. तुम्हीही आजच तुमचे निवडक ब्रश, फोटोशॉपमध्ये एबीआर फाइल करून आणि क्रिटात बंडल करून, पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.