जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकांचे रबरी बुश

हल्लीं पुष्कळ शेतकरी बंधूंच्या दारीं एखादी जुनी मोटार असते. तिचें इंजिन बिनतक्रार चालतें. परंतु शेतवाटेच्या खड्ड्यांतून जातांना पुढून खडखड ऐकूं येते, ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढते व टायर एकाच कडेनें झिजतात. ह्याचें एक नेहमींचें कारण म्हणजे पुढच्या चाकांच्या सांध्यांतील रबरी बुश झिजणें हें होय.

उदाहरणार्थ, मारुती ८०० ही गाडी घेऊं. ती भारतांत १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत असे. म्हणजे त्यांतील शेवटची गाडीही आज दहा वर्षांहून जुनी आहे. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकास खालून एक लोखंडी बाहू धरून असतो. कारागीर त्यास लोअर आर्म म्हणतात. त्याचें आंतलें टोक बुशाच्या द्वारें गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें असतें. बुश म्हणजे मध्यें लोखंडी नळी व तिच्याभोंवतीं रबर. बोल्ट आवळला कीं नळी जागच्या जागीं पक्की होते. चाक वरखालीं झालें तरी नळी फिरत नाहीं, रबर तेवढें पिळलें जातें व पुनः पूर्ववत् होतें. म्हणून बैलगाडीच्या आसास लागतें तसें वंगण ह्यास लागत नाहीं. उलट तेलानें रबर फुगून मऊ पडतें. इंजिनाचें तेल बुशावर गळत असेल, तर ती गळती आधीं थांबवावी.

पहारीनें बाहू हलवून पाहावा. रबर किंचित् दबणें स्वाभाविक आहे. परंतु बाहू सैल हालत असेल किंवा रबरास भेगा असतील, तर दोन्ही बाजूंचे बुश बरोबरच बदलावे.

गाडी सपाट जागीं उभी करून मागच्या चाकांखालीं दगड अडकवावे. पुढची बाजू जॅकनें उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींही शिरूं नये. चाक काढून बाहू सोडवावा व वॉशरांचा क्रम लिहून ठेवावा. जुना बुश घणानें न ठोकतां व्हाइसमध्यें दाबून काढावा. नवा बसवितांना साबणाचें पाणी लावावें, ग्रीस लावूं नये.

आतां मुख्य गोष्ट. चाक अधांतरीं लोंबत असतां बुशाचा बोल्ट पुरा आवळूं नये. तसें केल्यास गाडी खालीं टेकतांच रबरास कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लौकरच फाटतो. म्हणून बोल्ट प्रथम हलकाच लावावा, गाडीचा भार चाकांवर येऊं द्यावा व मगच तो कंपनीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें घट्ट करावा. काम कारखान्यांत करून घेतलें, तरी मालकानें जवळ उभें राहून एवढें अवश्य पाहावें.

शेवटीं चाकांचें अलाइनमेंट तपासून घ्यावें. बुशांस पैसे थोडेच पडतात. ते न बदलल्यास टायर अकालीं जातात, आणि भरधाव गाडीस ऐन वेळीं ब्रेक लावतांना ती सरळ राहील, ह्याचा भरंवसा उरत नाहीं.