पंचायतीचे पान बांधावर उघडते का?

पीकविम्याची सूचना ग्रामपंचायतीच्या वेबसाईटवर टाकली, पण बांधावर रेंज कमी आणि पान काही उघडेना. मग अधिकारी मंडळींनो, ती सूचना कपाटात ठेवल्यासारखीच!

गणित सोपे आहे. मोबाईलचा एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. एका बाइटचे ८ बिट, म्हणजे ३२ मेगाबिट. सेकंदाला २ मेगाबिटच मिळत असतील तर एका फोटोलाच १६ सेकंद. सत्काराचे असे पाच फोटो लावले की ८० सेकंद. एवढा वेळ कोण थांबतो? तोच फोटो हजार पिक्सेल रुंद करून जेपीईजीमध्ये ठेवला तर बहुधा २०० केबीच्या आसपास बसतो; सेकंदाच्या आत येतो. मात्र पानावर फोटोची चौकट लहान केली म्हणून फाईल लहान होत नाही बरं का! आकार चढवण्याआधीच कमी करावा.

पानाचे वजन मोजायचे तर संगणकावर एफ-१२ दाबा, 'नेटवर्क'मध्ये 'डिसेबल कॅश'वर खूण करा आणि पान पुन्हा उघडा. खाली एकूण आकडा दिसतो. खूण राहिली तर संगणक जुनी साठवण वापरतो, आकडा फसवा येतो.

सूचना स्कॅन करण्यापेक्षा सरळ टाइप करा. देवनागरीतली हजार अक्षरे जेमतेम ३ केबी भरतात.