चेहरा न दाखवता, आवाजाचं चॅनेल

मागच्या एका बैठकीत प्रश्न आला होता, "आम्हालाही यूट्यूबवर काहीतरी टाकायचंय. पण कॅमेऱ्यासमोर यायला घरचे नको म्हणतात आणि खरं सांगायचं तर आम्हालाही लाज वाटते. मग काय करायचं?" आमच्या गटाने गेल्या वर्षी हेच करून पाहिलं. त्यात काय जमलं, काय चुकलं, ते आज सांगतो.

यूट्यूबवर असे पुष्कळ व्हिडिओ आहेत ज्यांत माणूस दिसतच नाही. पत्र्यावर पडणारा पाऊस, वाहता ओढा, रातकिडे, नाहीतर संथ वाजणारा तंबोरा. लोक ते बघत बसत नाहीत, नुसते लावून ठेवतात. कुणाला झोप येत नाही, कुणी अभ्यासाला बसलंय, कुणाला शहरातल्या खोलीत गावाची आठवण येते. अशा संगीताला ॲम्बियंट म्हणतात. ब्रायन ईनो या इंग्लंडच्या संगीतकाराने १९७८ मध्ये विमानतळासाठी म्हणून अशी एक ध्वनिमुद्रिका केली, तेव्हापासून हे नाव रूढ झालं.

यासाठी लागणारं भांडवल आपल्या अंगणातच आहे. जातं, ताक घुसळायची रवी, गुरांच्या गळ्यातल्या घंटा. कौलावरचा पाऊस वेगळा, पत्र्यावरचा वेगळा आणि केळीच्या पानावरचा आणखी वेगळा. हा फरक आपल्या कानांना कळतो.

आता रेकॉर्डिंग. साधा मोबाईल पुरतो. आधी तो फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे मध्येच फोन वाजणार नाही. बहुतेक मोबाईलचा माइक खाली, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. तिथे बोट ठेवू नका. मोबाईल जमिनीवर न ठेवता घडी केलेल्या गोधडीवर ठेवा आणि विटेला टेकवा, म्हणजे हादरा लागत नाही. वाऱ्याचा फडफडाट आला तर सगळं वाया जातं, म्हणून भिंतीच्या आडोशाला बसा. निदान दहा मिनिटं सलग घ्या आणि तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. मोबाईलमध्ये जागा आधी पाहून घ्या. दहा मिनिटांच्या व्हिडिओला एक जीबीहून जास्त लागू शकते. नंतर एडिटिंग ॲपमध्ये सुरुवातीची आणि शेवटची खडखड कापायची आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडून तासाभराचा व्हिडिओ करायचा. जोड कानाला खटकता कामा नये.

आता आमची चूक ऐका. पहाटे जात्याचा आवाज घेतला. पडद्यावर फक्त जातं आणि पडणारं पीठ. आम्हाला वाटलं, कुणाचा चेहरा नाही, मग भीती कसली? व्हिडिओ टाकून दिला. दोन दिवसांनी गटातल्या एकीने रात्री इअरफोन लावून ऐकला आणि धावत आली. जात्याच्या घरघरीमागे शेजारच्या घरातलं भांडण येत होतं. सून रडत होती आणि तिचं नाव स्पष्ट ऐकू येत होतं. आम्ही त्याच क्षणी व्हिडिओ काढला. तिच्या घरी जाऊन तिला सांगितलं, माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "नशीब, माझ्या माहेरी कुणी ऐकलं नाही."

तेव्हापासून आमचा नियम आहे. व्हिडिओ आधी 'प्रायव्हेट' ठेवायचा. दोघींनी इअरफोन लावून तो पूर्ण ऐकायचा आणि मगच सगळ्यांसाठी खुला करायचा. कुणाचं बोलणं, शाळेचं नाव, गाडीचा नंबर, लहान मूल, स्टीलच्या भांड्यात दिसणारं आपलंच तोंड, सगळं तपासायचं. चेहरा झाकला तरी आवाजावरून माणूस ओळखू येतो.

संगीत घालायचं असेल तर जास्त जपा. सिनेमातलं गाणं घेऊ नका. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं राहतो, गीतकार-संगीतकारांचा हक्क तर त्यांच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं. यूट्यूबची यंत्रणा अशी गाणी आपोआप ओळखते आणि मग त्या व्हिडिओचे पैसे मूळ मालकाला जाऊ शकतात, नाहीतर व्हिडिओच बंद होतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट वापरायला दिलेलं संगीत आहे. त्यातल्या काही तुकड्यांना संगीतकाराचं नाव द्यावं लागतं. गावातल्या भजनी मंडळाची एकतारी घेतलीत तर वाजवणाऱ्याला विचारा. एखादी आजी ओवी गात असेल तर तिलाही विचारा. ओवी परंपरेची असली तरी गळा तिचा आहे.

आता खात्याबद्दल. १५ मिनिटांहून मोठा व्हिडिओ चढवायचा तर मोबाईल नंबरवर कोड मागवून खात्री करावी लागते. आम्ही घाईत एकीच्या भाच्याचा नंबर दिला, पासवर्डही त्यानेच ठेवला. तो कामासाठी बाहेरगावी गेला, नंबर बदलला आणि आमचं चॅनेल आम्हालाच उघडेना. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून ईमेल, नंबर आणि पासवर्ड गटातल्या बाईच्याच ताब्यात हवेत. पासवर्ड निदान दोघींना माहीत असावा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.

पैशांचं खरं काय, तेही ऐका. जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास व्हिडिओ पाहिला गेलेला असावा लागतो. एकाने अर्धा तास ऐकलं असं धरलं, तर आठ हजार वेळा ऐकलं गेलं पाहिजे. त्यानंतर जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा आपला, तोही १०० डॉलर जमल्यावर खात्यात येतो. एकच आवाज नाव बदलून दहादा टाकला तर चॅनेल पैशांसाठी नाकारलं जाऊ शकतं. आम्हाला अजून एक रुपया मिळालेला नाही. म्हणून "महिन्यात लाखो कमवा" म्हणत कुणी कोर्सचे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. गटाच्या बचतीला यासाठी हात लावू नका.

पैसे यायच्या आधीच बैठकीत ठराव लिहा. कोणत्या बँक खात्यात येतील, कशी वाटणी होईल, ज्या अंगणात आवाज घेतला त्या बाईला काय मिळेल, सगळं वहीत आणि सह्यांसकट.

मग करायचं कशासाठी? आमच्या गटातल्या एकीची मुलगी पुण्याला नोकरीला आहे. ती रात्री आमचा कौलावरचा पाऊस लावून झोपते. त्या पावसात शेवटी एकदा कोंबडा आरवतो. तो कापू नका, असं तिने मुद्दाम फोन करून सांगितलं. आम्ही तो ठेवलाय.

येत्या बैठकीला एक काम करा. पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसा आणि कानावर काय काय येतं ते वहीत लिहा. तीच तुमच्या चॅनेलची पहिली यादी.