मुद्रणयंत्रामागील कौशल्य

संगणकाने खिळ्यांच्या जुळणीची जागा घेतली, तरी मुद्रण व्यवसायातील कुशल हातांची गरज संपलेली नाही. तेलकट शाई व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या तत्त्वावर ऑफसेट छपाई चालते. पाणी वाढल्यास छपाई फिकट होते. कमी पडल्यास कोऱ्या भागावर शाई चढते. हा समतोल यंत्रचालकास सरावानेच साधतो. निळा, किरमिजी, पिवळा व काळा हे चार रंग एकमेकांवर अचूक बसविणे, हीदेखील त्याचीच जबाबदारी. मजकुरातील चूक प्लेटवर गेली, की प्रत्येक प्रतीवर उमटते. म्हणून मुद्रितशोधकास भाषेचे ज्ञान हवे.

हिशेबही तितकाच महत्त्वाचा. ६० × ९० सें.मी. आकाराच्या १०० जीएसएम कागदाचे ५०० तावांचे रीम २७ किलो भरते. दहा रिमांच्या कामात ५ टक्के नासाडी झाल्यास साडेतेरा किलो कागद रद्दीत जातो आणि त्याबरोबर नफाही.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये विद्यावेतनासह प्रत्यक्ष कामाचे शिक्षण घेता येते. यंत्रासाठी कर्ज मिळू शकते. त्याची परतफेड मात्र यंत्र चालविणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. म्हणूनच नवउद्योजकाने प्रकल्प अहवालात प्रशिक्षणाच्या खर्चाचीही तरतूद अवश्य करावी.